तोफेची पाच पिल्लं

“मॅडम, माझ्या कुत्रीला मारायला डॉक्टर आणलाय. तुमी लगी या. न्हाईतर हितं दोन मुडदं पडत्याल.”

फोनवरची बाई रडत नव्हती. फौजदार ज्ञानदा वैद्य यांनी तेवढ्यावरूनच टोपी उचलली.

“एक कुत्रीचा. दुसरा कुणाचा?”

“त्ये अजून ठरलं न्हाई. नवऱ्याचा, न्हाईतर डॉक्टरचा.”

कुंडलच्या वाटेवर हवालदार धनाजीने जीप चालवता चालवता माहिती पुरवली. बाईचं नाव संयोगिता. नवरा उदयसिंह, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. ऊस बक्कळ, घर मोठं, आणि परसात तोफ. तोफ म्हणजे मास्टिफ जातीची कुत्री. बदामी रंग, काळं तोंड, अंगाने वासराएवढी. तीन आठवड्यांपूर्वी ती व्याली, पाच पिल्लं. आज दुपारी पाचही गेली.

“गेली म्हणजे?”

“खाल्ली म्हणत्यात, मॅडम. तिनंच.”

“म्हणतं कोण?”

“समदंच म्हणत्यात.”

ज्ञानदाबाई मूळच्या वाईच्या. कुत्र्यांमधलं त्यांना काही कळत नव्हतं. मात्र ‘समदंच म्हणत्यात’ हे एका कुणाच्या तरी तोंडून सुरू झालेलं असतं, एवढं नोकरीने शिकवलं होतं.

परसाच्या भिंतीवर निम्मं गाव चढून बसलं होतं. लग्नाला हाताला धरून आणावी लागणारी माणसं इथे आपण होऊन आली होती. गजांच्या शेडच्या दाराला पाठ लावून संयोगिता बसली होती. अंगावर साखरपुड्याची भरजरी साडी, मांडीवर ऊसतोडीचा कोयता. समोर तिघे पुरुष उभे होते. मिशीला पीळ दिलेला उदयसिंह, गळ्यात साखळी आणि डोळ्यांवर गॉगल घातलेला एक देखणा गडी, आणि बॅग छातीशी धरलेला तरुण डॉक्टर. चौथा, सुभेदाराचा धाकटा भाऊ जयराज, जरा लांब पेरूच्या झाडाला टेकून होता.

शेडमध्ये तोफ आडवी पडली होती. गवतावर रक्त, तोंडाला रक्त. डोळे अर्धवट उघडे. पिल्लाचं नख दिसत नव्हतं की केस.

“मॅडम, तुम्ही उगीच तसदी घेतली,” गॉगलवाला पुढे झाला. “मी दिग्विजय, मलकापूरचा. माझ्या सरदार नावाच्या नराचीच पिल्लं होती ही. मोठ्या जातीत पहिलटकरीण मादी खाते कधीकधी. वाईट वाटतं, पण एकदा चटक लागली की उद्या शेजारचं पोर धरेल. सुभेदारांना मीच म्हटलं, आजच इंजेक्शन द्या. डॉक्टरही मीच आणले.”

“बरंच काही तुम्हीच केलंत की,” ज्ञानदाबाई म्हणाल्या.

त्याला ते कौतुक वाटलं.

बाईंनी आधी सुभेदाराला बाजूला घेतलं.

“घरी कोण होतं?”

“कुणीबी न्हाई. विट्याला साखरपुडा हुता पावण्यांचा. सकाळीच गेलो. जयराज आमच्या आदी परत आला, त्येनं बघितलं, मला फोन केला. मी दिग्विजयला केला. त्यो पळत आला बिचारा.”

“शेडला कुलूप?”

“नुसती कडी. तिच्या शेडात शिरंल कोण, मॅडम? मी घरचा मालक, मलाबी ती व्याल्यापास्नं आत घेत न्हाई.”

“बाहेरचा कुणी शिरणार नाही, म्हणून तिनेच खाल्ली.”

“दुसरं काय?”

“बायको काय म्हणते?”

सुभेदाराने मिशी चाचपली. “ती बाईमाणूस. तिची माया हाय. दिग्विजयचा ह्यात बापापास्नंचा धंदा हाय. मी कुणाचं ऐकू?”

भिंतीवरून कुणीतरी “बराबर हाय” म्हणालं. संयोगिताने कोयता उचलून फक्त त्या दिशेला धरला. भिंतीवरची दोन माणसं कमी झाली.

जयराजला विचारायला फार लागलं नाही. तो आधीच घामाघूम होता.

“गाव सांगतंय, तू म्हणाला होतास, एक दिवस हिला थायमेटचं विष घालतो.”

“म्हणलं हुतं. माझ्या कोंबड्या खाल्ल्या तिनं. पण बोललं म्हंजी केलं व्हय?”

“साखरपुड्यातून लवकर का निघालास? आणि निघाल्यापासून घरी येईपर्यंत कुठं होतास?”

त्याने भावाकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “कारखान्याच्या मागं. पत्तं खेळत. दादाला नका सांगू, मॅडम. चौघं हुतो. नावं देतो, पण दादाला नका सांगू.”

कुत्रीच्या खुनाच्या संशयापेक्षा याला पत्त्यांची जास्त भीती होती. खोटं बोलणारा माणूस याहून बरी सबब शोधतो. बाईंनी धनाजीला ती नावं दिली आणि सांगितलं, “कालव्याच्या पुलावर चहाची टपरी आहे. दुपारी इकडून कोणकोण गेलं तेही विचारून ये.”

मग त्या संयोगितापाशी गेल्या आणि तिच्या शेजारी मातीतच बसल्या.

“कोयता ठेवा खाली. मी बसल्यावर कोणी सुई टोचत नाही.”

“तुमी गेल्यावर टोचतील.”

“मग मी जात नाही. सांगा. पिल्लं केवढी होती?”

“अडीच-अडीच किलो भरायची. काल मी तांदळाच्या काट्यावर जोखली. घरात सगळी हसली मला.”

“आणि तोफ दिवसाला किती खाते?”

“भात, मटण, अंडी धरून दोन किलो. तेबी दोन टायमाला. एका टायमाला जास्त घातलं तर पोट फुगून मरत्यात ही कुत्री.”

ज्ञानदाबाईंनी गजांतून आत पाहिलं. तोफेचं पोट श्वासाबरोबर हलत होतं. बरगड्यांच्या मागे खोलगट होतं.

“कुणाच्याही हातचं खाते?”

“न्हाई. ल्हान हुती तवापास्नं शिकवलंय. माझ्याच हातचं. वाटंवर मटण पडलं तरी वास घिऊन फुडं जाती. क्रॉस करायला मलकापूरला नेली तवा मी चार दिस रडत हुते, उपाशी मरंल म्हणून. पण दिग्विजयदादांचा फोन आला, वैनी, दुसऱ्या दिवसापास्नं माझ्या हातचं खातीया. तवा बरं वाटलं.” ती थांबली. “आता त्योच तिला मारा म्हणतोय.”

“तुम्ही नाही गेलात बरोबर?”

“अशा कामाला बाईमाणसानं जाऊ न्हाई म्हणं.”

“मग नर इथंच आणायचा.”

“त्यो येत नसतो. दिग्विजयदादाच म्हणलं, नर परक्या दारात काम करत न्हाई, बावरतो. मादीच नराच्या दारात न्यायाची. जगभर तसंच असतंय म्हणं.” संयोगिताने पदराने नाक पुसलं. “माणसातबी तसंच हाय की. उठून जायाचं ते बाईनंच.”

“त्याचे पैसे किती घेतले त्यांनी?”

“पैसं न्हाई. नरवाल्याला एक पिल्लू द्यायाचं, त्यानं आदी निवडायचं. रीतच हाय ती. दादा आज येणार हुतं निवडायला. संगं दोन-तीन गिऱ्हाईक बी आणणार हुतं. ह्यांनीच सांगितलं, आज घरात कुणी न्हाई, उद्या या.”

तिने मोबाईल काढला. फोटोत पाच पिल्लं दुधाला चिकटलेली. चार बदामी, काळ्या तोंडाची. पाचव्याच्या अंगावर काळे आडवे पट्टे, वाघाच्या बछड्यासारखे.

“ह्यो माझा वाघ. जन्मला तवा नुसता मळकट दिसायचा. आठवड्यात पट्टं कसं उमटलं बघा. परवा स्टेटसला ठेवला. आख्ख्या गावानं बघितला. दादांनी तर लगी फोन केला. म्हणलं, वैनी, स्टेटस काढा आदी. असल्या पिल्लाला नजर लागती.”

“काढलं?”

“काढलं. तरी लागलीच की.”

ज्ञानदाबाई उठल्या. साडेबारा किलो खाल्लेलं पोट बरगड्यांमागे खोलगट राहत नाही, एवढा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता. पण परसात उभ्या असलेल्या शहाण्यांपैकी कुणी तो केला नव्हता. एका जाणकाराने निदान सांगितलं की बाकीच्यांची डोकी सुट्टीवर जातात.

डॉक्टर निमिष कराडचा.

“तपासलंत तिला?”

“नाही, मॅडम. हे म्हणाले, जवळ जाऊ नका, फाडेल. गजांतूनच इंजेक्शन द्या.”

“फाडणारी कुत्री अशी पडते?”

“भरल्या पोटी पडतात अशी,” दिग्विजय लांबूनच बोलला.

“मी डॉक्टरांना विचारलं.”

संयोगिता आत गेली आणि तोफेचं डोकं मांडीवर घेतलं. निमिष बिचकत मागोमाग गेला. त्याने पापण्या उचलल्या, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, जबडा उघडून आत नाक खुपसलं. मग तो उठला आणि त्याने बॅग बंद केली.

“पोटात जेमतेम एका वेळचं अन्न आहे. हिला गुंगीचं औषध दिलंय. मला गुंगीतल्या जनावराला मारायला आणलंत तुम्ही?”

भिंतीवरचं गाव दिग्विजयकडे बघू लागलं.

धनाजी परत आला. जयराजचा डाव खरा होता. हरतसुद्धा होता बिचारा. आणि टपरीवाल्याने दुपारी एक जाळीची गाडी पाहिली होती, मागे कुत्र्याचं मोठं चित्र. कालव्याच्या पुलावर थोडी थांबली आणि गेली.

दिग्विजयच्या मोटारीच्या मागच्या काचेवरही चित्र होतंच. बदामी अंग, काळं तोंड, खाली अक्षरं, ‘सरदार’. बाई ते चित्र पाहत उभ्या राहिल्या.

“देखणा आहे. याच्यासाठी लांबून लोक येत असतील.”

“सातारा-सांगलीत याच्या तोडीचा नर नाही, मॅडम.”

“तुमची जाळीची गाडी कुठंय?”

गॉगल किंचित हलला. “मलकापूरला. का?”

“दुपारी कुंडलला होती.”

“हां, म्हणजे जाताना. तासगावला गेलो होतो. आमचा एक दोस्त आहे, बेदाण्याच्या शेडवाला. त्याच्या मादीला सरदार लावायचा होता. सरदार गाडीत होता, त्याला पाणी पाजायला पुलावर थांबलो. फोन लावून देऊ दोस्ताला?”

त्याने लावूनही दिला. स्पीकरवर दोस्त लगेच म्हणाला, व्हय व्हय, सरदार आल्ता, दुपारीच आल्ता. कुणी काही विचारायच्या आतच म्हणाला.

“झालं काम?” बाईंनी विचारलं.

“सरदारचं काम पहिल्याच खेपेला होतं, मॅडम.”

“कुठं केलंत?”

“त्यांच्याच शेडवर. त्यांच्या दारात.”

शेडमधून संयोगिताने मान वर केली. उदयसिंहाचा हात मिशीवर होता तिथेच राहिला.

“सुभेदार,” ज्ञानदाबाई म्हणाल्या, “तुम्ही तुमची मादी मलकापूरला का नेली?”

“नर... नर परक्या दारात काम करत न्हाई म्हणून.”

“कोण म्हणालं?”

सुभेदाराने फक्त दिग्विजयकडे पाहिलं.

“तो... कधीकधी करतो,” दिग्विजय म्हणाला. “सवयीवर असतं.”

“संयोगिताताईंना तुम्ही जगभरचा नियम सांगितलात. तासगावात तो लागू नाही?” बाईंचा आवाज चढला नव्हता, पण धनाजी नकळत ताठ उभा राहिला. त्याला तो आवाज माहीत होता. “डॉक्टर, एक सांगा. आई बदामी, बाप बदामी. पिल्लू पट्टेरी होईल?”

“नाही. पट्टे यायचे तर आईबापांपैकी एकाला पट्टे हवेत. किंवा निदान एक काळाकुट्ट हवा. दोन बदामींतून पट्टे येत नाहीत.”

“मग संयोगिताताईंच्या वाघाचा बाप सरदार नाही.”

दिग्विजयने गॉगल काढून पुसला.

“मी सांगते, चुकलं तर सांगा. यांचा सरदार निकामी झालाय. आजाराने की वयाने, ते तपासता येईल. पण त्याच्या नावावर माद्या येतच होत्या. यांनी मालकांना चार दिवस मादी ठेवून जा म्हणून घरी पाठवलं आणि दुसराच कुठलातरी पट्टेरी नर लावला. चार दिवस मादी ठेवून घ्यायची सोय कशासाठी, ते आता कळतंय. पिल्लं बदामी निघाली की कुणाला पत्ता नाही. तोफेला चार निघालीही. पाचव्याने घात केला. जन्मला तेव्हा मळकट होता म्हणून निभावलं. परवा त्याचे पट्टे संयोगिताताईंनी आख्ख्या गावाला दाखवले. उद्या गिऱ्हाइकं येणार, त्यांतल्या एकाला जरी यातलं कळत असतं, तरी सरदारच्या नावावर विकलेलं प्रत्येक पिल्लू संशयात आलं असतं.”

“नुसतं पट्टेरी एक न्यायाचं की,” जयराज मध्येच बोलला. “रीतीनं पहिला मान त्येचाच हुता.”

“नेलं असतं तर सुभेदारांनी विचारलं असतं, त्याचं काय केलं, फोटो पाठवा. आणि एकच नाहीसं झालं तर चोर शोधतात. पाचही गेली आणि आईच्या तोंडाला रक्त लागलं, तर कुणी शोधत नाही. आज घर रिकामं आहे हे यांना सुभेदारांनीच सांगितलं होतं. तोफ परक्याचं खात नाही. जगात दोनच हातांचं खाते. एक हात साखरपुड्याला विट्यात होता. दुसरा इथे मटणात औषध घालून आला. ती झोपल्यावर मटणाचं रक्त गवताला आणि तिच्या तोंडाला फासलं, पिल्लं जाळीत घातली. तासाभरात मलकापूर. गाडी बदलली. मग सुभेदारांचा फोन आला, आणि हे डॉक्टर घेऊन धावत आले. कारण तोफ शुद्धीवर आली असती तर तिने पिल्लं शोधली असती. खाणारी आई शोधत नाही. ते बघून निदान एका माणसाला तरी शंका आली असती. म्हणून ती आजच मरायला हवी होती.”

“पुरावा काय?” दिग्विजय म्हणाला.

ज्ञानदाबाईंनी धनाजीकडे पाहिलं. त्याने बाईंच्या सांगण्यावरून मघाशीच कराडच्या ठाण्याला फोन केला होता. आता त्याचाच फोन वाजला. तो ऐकत गेला, हुं हुं करत गेला.

“सापडली, मॅडम. मलकापूरच्या शेडात. दुसऱ्या एका व्यालेल्या कुत्रीच्या अंगाखाली सारलेली. चार हायत.” तो थांबला. “बदामी चारच.”

शेडमधून संयोगिता बाहेर आली. कोयता आतच राहिला होता. ती चालत थेट दिग्विजयसमोर गेली.

“दादा, माझा वाघ?”

त्याने गॉगल परत डोळ्यांवर चढवला.

“पुलावर कशाला थांबला हुतास रं?”

“वैनी, ते... एक कुत्र्याचं पिल्लू. मी तुम्हाला चांगलं...”

तिने मारली ती थोबाडीत नव्हती, नाकावर मूठ होती. फौजदारांच्या समोर. धनाजी पुढे सरकला, तसं बाई म्हणाल्या, “धनाजी, त्या टपरीवाल्याचं नाव नीट लिहून घ्या.” धनाजीला लिहायला चांगलाच वेळ लागला. तेवढ्यात संयोगिताने दुसरी मारली.

मग तिने नवऱ्याकडे तोंड वळवलं.

“तिनं खाल्ली न्हाईत म्हणून मी दुपारपास्नं घसा फोडतीया. तुमी काय म्हणला? बाईमाणूस हाय म्हणला. ह्यो गळ्यात साखळी घालून आला, तर त्येचं खरं. एका शब्दावर तिला मारायला निघाला. तिनं तुमच्या दारात तीन वर्सं राखण केली, त्येचं काय मोल झालं?”

“माझं चुकलं, संयू.”

“मला सांगू नका.”

उदयसिंह शेडच्या दाराशी गेला. तोफेला आता जरा शुद्ध येत होती. ती पुढच्या पायांवर उठायला बघत होती, पडत होती, नाकाने गवत उलथत होती. कोपऱ्यात, पोटाखाली, पुन्हा कोपऱ्यात. सुभेदाराने गजांना हात लावला. तिने डोकं उचललं आणि गुरगुरली. भिंतीवरच्या लोकांना ते पोटात जाणवलं. तो मागे सरला. मग पुलाकडे चालू लागला. जयराज पेरूच्या झाडापासून सुटला आणि मागे गेला.

दिग्विजयला घेऊन धनाजी गेला. डॉक्टर निमिषने फुकट गेलेली बाटली नाल्यात रिकामी केली. मलकापूरहून पिल्लं आणायला तो स्वतः गेला.

दिवेलागणीच्या वेळेला चार पिल्लं आली. संयोगिताने एकेक करून तोफेपुढे ठेवलं. तोफेने प्रत्येकाला उलटंपालटं करून चाटलं, दुसऱ्या कुत्रीचा वास जाईपर्यंत चाटलं. चौघं दुधासाठी धडपडू लागली. ती मात्र आडवी होईना. दाराकडे बघत राहिली.

पुलाच्या बाजूने दोघे भाऊ आले. छातीपर्यंत भिजलेले. सुभेदार उघडाच होता. अंगातला शर्ट काढून त्यात काहीतरी गुंडाळलं होतं, आणि ते त्याने दोन्ही हातांवर धरलं होतं. भिंतीवरचं गाव एकेक करून उतरलं आणि निघून गेलं.

संयोगिताने ते त्याच्या हातून घेतलं, शर्ट सोडला, आणि तोफेपुढे ठेवलं. ओल्या अंगावर पट्टे आणखीच ठसठशीत दिसत होते. तोफेने वास घेतला. नाकाने ढकललं. एकदा चाटलं, परत चाटलं. पिल्लू हलेना. मग तिने मान फिरवली आणि हळूच चौघांना पोटाशी घेऊन आडवी झाली.

उदयसिंह गजांबाहेर उभा होता. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही.

संयोगिता पिल्लू घेऊन बाहेर आली. नवऱ्याला ओलांडून पेरूच्या झाडाखाली गेली, एका जागी टाच रोवली.

“हितं,” ती म्हणाली. “खोल खणा. आन हातानं खणा.”

सुभेदार गुडघ्यांवर बसला.